ओझ्याविना वाजलेली घोडी

मित्रांनो, घाबरू नका, मी लाथ मारत नाही. मी एक जुनी घोडी आहे खरी, पण लोखंडाची. जॅकने गाडी उचलली की तिच्याखाली मला उभी करतात. जॅकने उचलायचं आणि मी धरायचं, अशी आमची वाटणी.

एका घड्याळजींनी आम्हा दोघी जुळ्या बहिणींना घरी आणलं, तेव्हा आमचा रंग लालभडक होता. सुट्टीच्या दुपारी ते पत्र्याच्या शेडमध्ये गाडी दुरुस्त करत. खाली सरकण्याआधी गाडीला दोन धक्के देत आणि पान्याने मला ठोकत. ठप्प! अंगावर गाडीचं ओझं असलं की मी अशीच वाजते, गळा दाबल्यासारखी.

"घोडी हो म्हणाली," असं हसून त्यांची बायको पुन्हा स्वयंपाकाला लागे. तिचा माझ्यावर केवढा विश्वास!

वर्षं गेली. माझा रंग उडाला, पायांत कोळ्याने जाळं विणलं. एका दुपारी "पाच मिनिटांचं तर काम," असं पुटपुटत घड्याळजी नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढलेल्या गाडीखाली सरकले. जॅक म्हातारा झाला होता. त्याच्या अंगातून तेल पाझरत होतं. गाडी केसाकेसाने खाली येत होती, आणि आवाज मुळीच नव्हता. मी हातभर अंतरावर रिकामी उभी होते.

"अहो, घोडी लावलीत ना?" आतून हाक आली.

"लावली गं!" म्हणत त्यांनी हात लांब करून मला पाना मारला.

टिंऽऽग!

तो आवाज थांबेचना. पत्रे थरथरले, खिळ्यांचा डबा गुणगुणू लागला. तो माझाच आवाज होता, पण मलाच त्याची भीती वाटली.

बायको ओल्या हातांनी धावत आली. "बाहेर या! आधी बाहेर या!"

"अगं, झालंच..."

तिने त्यांचे दोन्ही पाय धरून खसकन ओढलं. जॅक नुसता 'श्श' म्हणाला आणि गाडी बसली.

तिने गाडीखाली हात घालून पाहिला. सपाट पंजा आत गेला, मूठ गेली नाही. घड्याळजी तिथेच जमिनीवर बसून रडले.

आता आम्हा दोघींना लावल्याशिवाय ते खाली वाकतसुद्धा नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरच्या घोडीलाही असंच ओझं द्या. आम्हाला त्याचा त्रास होत नाही. रिकामं राहण्याचा होतो. अजूनही कधी भर दुपारी, कोणी हात लावलेला नसताना, मी आपोआप वाजू लागते. तेव्हा मला कळतं, की कुठेतरी कोणीतरी नुसत्या जॅकखाली सरकलंय, आणि त्याच्या घरात ऐकायला कोणी नाही.