कट्ट वाजलं की थांबायचं

ट्रकच्या गॅरेजात त्याला सगळे पक्कड म्हणायचे. त्यानं आवळलेला नट सोडवायचा म्हणजे दोन गडी आणि तासभर शिव्या. घरीही तीच तऱ्हा. त्यानं नळ बंद केला की बाकीच्यांनी तहानलेलं बसायचं.

आता रिटायर झालेला. दारात लेकीची छोटी गाडी बॉनेट उघडून उभी. लेक दुपारी नव्या नोकरीच्या गावी निघणार, एकटी. इंजिनातली ठकठक ऐकणारा सेन्सर यानं कालच हौसेनं बदलला, बोल्ट दातओठ खाऊन आवळला आणि सेन्सरला चीर पाडली. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा पेटला. "दिवा विझला नाही तर मी बसनं जाते, बाबा," लेक म्हणाली होती, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. दुकानात असा एकच सेन्सर उरला होता. तो आता जागेवर बसला होता, आवळायचा तेवढा बाकी.

शेजाऱ्याचा टॉर्क पाना आणला होता. हवा तेवढा जोर लागला की तो कट्ट वाजतो. पण याचा जीव थाऱ्यावर नाही. पाना धरी, सोडी, फडक्याला हात पुशी, गाडीभोवती फेरी मारी, पुन्हा धरी.

"अहो, गाडीला प्रदक्षिणा घालून दिवा विझणार आहे का?" बायको बाहेर आली.

"कट्टवर थांबलो आणि सैल राहिला तर? इंजिन हादरतं, बाई."

"तुमच्या हातून काही सैल राहिलेलं मी अजून बघितलं नाही. इकडं द्या."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"काही येत नाही, म्हणून तर द्या."

त्यानं पाना बोल्टवर बसवला, दांडा तिच्या हाती दिला. तिनं ओढलं. आणखी ओढलं. कट्ट. ती थांबली.

"अजून जरासा," त्याच्या तोंडून निघालंच.

तिनं पाना काढला, हत्यारांच्या पेटीत टाकला आणि झाकण लावून वर बसली. कामाआधी काढलेली बॅटरीची तार जोडायला तेवढा छोटा पाना दिला, तोही जोडून होताच परत घेतला.

लेक गाडी घेऊन लांब चक्कर मारून आली. तोवर हा फाटकाशी हात चोळत. तिनं काच खाली केली. "नाहीये दिवा, बाबा."

दुपारी गाडी वळणाआड गेली. तो फाटकाशीच. कडी हलवून बघितली.

"याची बिजागरी ढिली वाटतेय. ऊठ जरा, पाना दे."

बायको पेटीवरून हलली नाही. तिचीही नजर वळणावरच.

"पोरीचा पोचल्याचा फोन आला की उठते."