कायमचे बंद म्हणणारा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. शाळेतल्या फळ्यासारखा भिंतीला टेकून आराम करणारा नव्हे. मी रस्त्यावर उभा राहतो. दोन फळ्या वर बिजागरीने जोडलेल्या, खाली चार पाय, त्यातला एक आखूड. एका बॅगांच्या दुकानाबाहेर मी आयुष्य काढले. माझी गोष्ट ऐकून तुम्ही पाठ थोपटाल, अशी आशा मला नाही. मला लाज वाटते, म्हणून सांगतो आहे. ज्याला माझ्याआधी वाटायला हवी होती, त्याला ती अजून वाटलेली नाही.

माझे लाकूड साध्या खोक्याचे. दुकानात माल यायचा त्यातले एक खोके मोडून म्हाताऱ्या मालकांनी मला स्वतःच ठोकून काढले. करवत घसरली आणि एक पाय आखूड राहिला. मावशी तेव्हा शिलाई मशीनवर नव्यानेच लागल्या होत्या. त्यांनी चामड्याचा एक तुकडा घडी करून त्या पायाखाली सरकवला. मी डुगडुगायचा थांबलो. पुढे रोज सकाळी मला बाहेर मांडले की मावशी आधी तो तुकडा सरकवत आणि मगच आपल्या मशीनवर बसत.

म्हातारे मालक माझ्यावर खडूने लिहीत. 'आज चेन बसवून मिळेल. उद्या मावशींची सुट्टी आहे.' 'लाल बॅग दिसायला छान आहे, पण पावसात नेऊ नका.' दुकानदाराने आपल्याच मालाला नावे ठेवलेली पाहून लोक थबकत, हसत आणि आत येत.

"अहो, असं लिहिल्यावर ती लाल बॅग घेणार कोण?" पलीकडच्या न्हाव्याने एकदा विचारले.

"जो पावसात घराबाहेर पडत नाही तो," म्हातारे म्हणाले. त्याच आठवड्यात न्हाव्याच्या बायकोने ती नेली. "आमचे हे पावसात कुठे हलतात?" असे वर सांगून नेली.

ते माझे सुखाचे दिवस. लोक म्हणत, त्या फळ्यावर आहे ना, मग खरेच असणार.

म्हातारे गेले. मुलगा मालक होऊन गल्ल्यावर बसला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सांगायला सोपे गेले असते. तो भित्रा होता. रंगीत छापील फलक आले आणि माझी रवानगी दाराआड, केरसुणीच्या शेजारी झाली. मावशी अधूनमधून फडके फिरवत. बाकी कुणाला मी आठवलो नाही.

मग कोपऱ्यावर काचेचे मोठे दुकान उघडले. आत गारवा, दारात दिवे, बॅगांचे डोंगर. आमचे गिऱ्हाईक तिकडे वळले. वर्षाची मोठी सुट्टी जवळ आली. बॅगा विकल्या जातात त्या याच दिवसांत. मालक नुसते रस्त्याकडे बघत बसले. जाहिरात करायला हवी, हे त्यांना सुट्टीच्या अगदी तोंडावर सुचले. छापखान्याला फोन केला तर तो हसला. "आता? आता मीच बॅग भरतोय. सुट्टीवरून आलो की बघू."

दुकानात मालकांचा मेहुणा बसला होता. त्याला सगळे भन्नाट म्हणत, कारण त्याची प्रत्येक कल्पना त्याच्याच मते भन्नाट असे. मावशी घरी गेल्या होत्या. भन्नाटने मला दाराआडून ओढून काढले. खडू काही सापडेना. शटर रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट सापडला. त्याने माझ्या दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'दुकान कायमचे बंद होत आहे. आज शेवटचा दिवस.'

"अरे, पण आपण बंद कुठे करतोय?" मालक म्हणाले.

"दाजी, लोकांना आनंदात घ्या म्हटलं तर घेत नाहीत. हळहळ वाटली की घेतात."

"आणि सुट्टीनंतर?"

"सुट्टीनंतर पुन्हा उघडायचं. लोकाग्रहास्तव!"

मालक हसले. नको म्हणाले नाहीत. पुसून टाक, एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मी तर लाकूड. पण एरवी साध्या झुळकेने आडवा होणारा मी, रंग सुकेपर्यंत निमूट उभा राहिलो.

सकाळी मावशी आल्या. इतक्या वर्षांनी मला बाहेर पाहून त्यांचा चेहरा फुलला. घाईघाईने आत गेल्या, चामड्याचा तुकडा शोधून आणला, वाकून माझ्या पायाखाली सरकवला. मला पक्के उभे केले. मग सरळ झाल्या आणि वाचले.

तो चेहरा मला विसरता येत नाही.

त्यांनी आत जाऊन मशीन सुरू केली. पाठोपाठ गर्दी लोटली. भन्नाटचे खरे ठरले. निवृत्त पोस्टमन आला आणि मालकांचा हात हातात धरून म्हणाला, "तुझ्या बाबांनी शिवलेली पिशवी मी नोकरीभर वापरली रे." कुणी थर्मासमधून चहा आणला. एक शिक्षिका रडली. मालक मान खाली घालून प्रत्येकाला म्हणत होते, "काय करणार, नाही परवडत आता." पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापला. दुपारपर्यंत कापायचा थांबला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मावशींना खरे सांगायला हवे, हे मालकांना गर्दीत आठवले नाही. आठवले तरी त्यांनी ते ढकलले असेल. जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा न उघडता कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आल्या. आल्यावर दुरुस्तीला आलेल्या साऱ्या बॅगा पुढ्यात ओढल्या. मान वर न करता चेना, पट्टे, हँडल, सगळे शिवून टाकले.

संध्याकाळी शटर अर्धे ओढल्यावर मालक खुशीत म्हणाले, "मावशी, सुट्टी संपली की पहिल्या दिवशी जरा लवकर याल?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? दुकानात."

"फळ्यावर लिहिलंय ना बंद म्हणून."

मालकांचे तोंड उतरले. "ते... ते गिऱ्हाइकांसाठी होतं हो."

"म्हणजे खोटं?" मावशींनी कात्री पिशवीत ठेवली. "मला वाटलं, तुला माझ्या तोंडावर सांगवत नसेल. म्हणून मीच विचारलं नाही. बंद दुकानात कुणाची बॅग अडकायला नको, म्हणून दिवसभर शिवत बसले. आणि कोपऱ्यावर कामाला येते म्हणून सांगून आले."

"मग त्यांना नाही म्हणून सांगा की!" भन्नाट म्हणाला.

"का? मीही तुमच्यासारखं खोटं बोलू?"

"मावशी, चुकलो," मालक म्हणाले.

"चुकलास खरा. तुझे बाबा या फळ्यावर पावसाला भिणारी बॅगसुद्धा लपवत नव्हते रे." त्या माझ्याजवळून गेल्या. माझ्याकडे पाहिलेही नाही.

सुट्टीत सगळा रस्ता गावाला गेला होता. मालक एकटे दुकानात आले आणि मला पुसू लागले. पाणी, साबण, रॉकेल, सगळे झाले. ऑइलपेंट हलला नाही. मग ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. पुष्कळ वेळाने उठले, खडू विकत आणला आणि त्या पांढऱ्या अक्षरांखाली लिहिले : 'हे आम्ही खोटे लिहिले होते. दुकान सुरू आहे. आमची माणसे आमच्यामुळे गेली.'

सुट्टी संपली तशी त्यांनी मला बाहेर मांडले. चामड्याचा तुकडा त्यांना माहीतच नव्हता, त्यामुळे मी डुगडुगत उभा राहिलो. पोस्टमनने वाचले आणि रस्ता ओलांडून निघून गेला. शिक्षिका म्हणाली, "माझं रडणं परत द्या." न्हावी तेवढा हसला. भन्नाट म्हणाला, "दाजी, ही तर उलटी पब्लिसिटी झाली!"

खडू रोज पुसट होतो, रंग होत नाही. म्हणून मालक खरे रोज सकाळी नव्याने लिहितात. खोटे मात्र एकदाच लिहिले होते.

मित्रांनो, मला रंग लावा, सावलीत ठेवा, असे मी मागत नाही. एवढेच मागतो, की घाईत माल खपवायला काहीही लिहिताना आठवा : कुणीतरी ते खरे मानून आपले सामान आवरायला घेते.

मावशी आता कोपऱ्यावर जाताना याच रस्त्याने जातात. परवा थांबल्या. वरचे वाचले, खालचे वाचले. मालक दारात उभे राहिले, पण त्यांना हाक मारवली नाही. मावशींनी पिशवीतून चामड्याचा एक तुकडा काढला, घडी केली आणि वाकून माझ्या आखूड पायाखाली सरकवला. मग कामावर निघून गेल्या. आमच्याकडे नव्हे, कोपऱ्यावर.