पहिलं झाड

कालपासून लाल शाईच्या पाण्यात ठेवलेल्या ऑलिव्हच्या दोन डहाळ्या दोनाताने जमलेल्या गावासमोर बाहेर काढल्या आणि चाकूने तिरप्या कापल्या. बाहेरगावाहून आणलेली निरोगी डहाळी आतून लाल झाली होती. दुसरी, इथली, कोरडी ठणठणीत. किड्यांवाटे आलेले जिवाणू झाडाच्या नळ्या बुजवतात, ती म्हणाली, मग झाड उभ्याउभ्या तहानेने मरतं.

सहा वर्षं ती हेच सांगत होती, आणि दक्षिण इटलीतल्या सालेंतोतलं तिचं गाव या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होतं. माणसाला जे सोसवतं तेच खरं वाटतं, त्याला गाव तरी काय करणार? रोगबिग काही नाही, सरकारला जमिनी लाटायच्या आहेत. असलाच तर दोनाताच्या प्रयोगशाळेनेच आणला, असं जो तो म्हणे. त्यात तिचा बाप पांतालेओ सगळ्यांच्या पुढे. रोग पहिल्यांदा सापडला तो त्याच्याच झाडात. तो पसरू नये म्हणून झाड तोडायला सरकारी माणसं आली तेव्हा त्याने स्वतःला साखळीने खोडाशी बांधून घेतलं, सगळं गाव भोवती उभं राहिलं आणि माणसं परत गेली. नंतर तो खोडाला चुना आणि मोरचूद फासत बसला. लेकीशी बोलणं टाकलं.

आता गावात एकही झाड हिरवं नव्हतं. आज तो चर्चच्या हॉलमध्ये आला होता, दाराजवळ, टोपी मांडीवर घेऊन.

शेजारची कोसिमा उठली. तिची चाळीस झाडं गेली होती, त्यांच्यामागोमाग नवराही.

"दोना, एकच सांग. ते पहिलं झाड तेव्हाच तोडलं असतं, तर माझी वाचली असती का गं?"

उत्तर दोनाताला पाठ होतं. तिने बापाकडे पाहिलं. त्याच्या बोटांच्या भेगांत अजून चुना होता.

"तसं सांगता येत नाही, मावशी. किडे काय, कुठूनही येतात."

सहा वर्षांत पहिल्यांदाच लोकांनी तिच्या बोलण्यावर माना डोलावल्या.

पांतालेओ उभा राहिला.

"खोटं बोलतेय ती. वाचली असती, कोसिमा. हिने तेव्हाच सांगितलं होतं मला. साखळी सोडवता सोडवता रडत होती."

कोसिमाने मागची खुर्ची चाचपली आणि ती खाली बसली.

"पुढं सांग, पोरी," पांतालेओ म्हणाला. "आज मी ऐकायला आलोय."