अधिक महिन्यात शिवलेला अंगरखा

मी एक जुना निळा रेशमी अंगरखा आहे. आज मी कमरेपर्यंतच उरलो आहे, म्हणून तुम्हाला वाटेल की ही माझी मूळ उंची. मित्रांनो, तसे नाही.

चीनमधल्या सूचौ शहराजवळच्या एका गावात पेइफन आजींनी मला शिवले, तेही मुद्दाम अधिक महिना गाठून. आपल्या शेवटच्या प्रवासाचे कपडे त्या महिन्यात शिवले की आयुष्य वाढते, हे आमच्या गावात लहान मूलही सांगेल. रीतीप्रमाणे त्यांनी मला बटणे लावली नाहीत, नुसते बंद लावले. बाह्या बोटांच्याही पुढे जातील इतक्या लांब ठेवल्या, कारण जाताना हात उघडे असू नयेत. दर उन्हाळ्यात त्या मला उन्हात घालत, तेव्हा शेजारीण चिडवायची.

"काय पेइफनताई, सामान बांधून तयार वाटतं?"

"मग? ऐनवेळी धावपळ कोण करणार? येतेस का सोबत?"

"नको बाई, तूच हो पुढे. जागा धरून ठेव."

दोघी पोट धरून हसत. मला मात्र अभिमान वाटे. जन्मभर कष्ट उपसलेल्या बाईला शेवटी नेटके न्यायचे, हे माझे काम होते.

मग आजींचे पाय गेले आणि त्यांना इस्पितळात हलवले. त्यांची नात यीनिंग शांघायमध्ये फॅशन डिझायनर होती. जुन्या चिनी पोशाखाला नवी धाटणी देणारे कपडे ती एका शोसाठी करत होती. आजींच्या रिकाम्या घरी येऊन तिने माझी पेटी उघडली. बटणे नाहीत, बाह्या एवढ्या लांब! मी कशासाठी शिवलेला आहे, हे तिला ठाऊकच नव्हते; ती हरखूनच गेली. तिने मला कमरेत कापले आणि पाठीला चेन लावली. एका उंच मुलीने मला घालून सगळ्यांसमोर चालून दाखवले. एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या आणि एवढी लाजही मला कधी वाटली नव्हती.

यीनिंगने कौतुकाने आजींना फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"ही पोरगी बरी आहे ना गं?"

"हिला काय होतंय? मॉडेल आहे ती, आजी."

"मग तिला मढ्याचे कपडे का घातलेस? माझे होते ते."

दुसऱ्या दिवशी यीनिंग मला, कापलेला तुकडा आणि सुईदोरा घेऊन आली. आजींनी मान हलवली.

"जिवंत माणसाच्या अंगावर चढलाय तो. मी नेला, तर त्या पोरीचं आयुष्य ओढून नेल्यासारखं होईल. राहू दे."

"मी दुसरा शिवते."

"अधिक महिना कधी आहे?"

यीनिंगने फोनमध्ये पाहिले. अजून दोन वर्षे होती. आजींना अकरा दिवस मिळाले.

आजी दुकानातून आणलेल्या नायलॉनच्या अंगरख्यात गेल्या. त्याच्या बाह्या मनगटाशीच संपत होत्या. यीनिंग त्या ओढत राहिली, पण त्या काही पुरल्या नाहीत.

मित्रांनो, आता मी कपाटात टांगलेला असतो. मला जिवंत माणूस घालत नाही आणि गेलेल्यांना मी चालत नाही. जुन्या वस्तूला नवे रूप जरूर द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कात्री उचलण्याआधी ती वस्तू ज्याची आहे त्याला एकदा विचारा. यीनिंग माझ्यावर खडूने रेघा मारत होती, त्या दुपारी आजी जाग्याच होत्या आणि त्यांचा फोन उशाशीच होता.