उपड्या सायकलचं लॉक

सत्याऐंशी साली मी दहावी पास झाले आणि आमच्या घरात रणधुमाळी माजली. अकरावीसाठी सहा मैलांवरच्या एरंडोलला जायचं होतं, तेही सायकलवर. झुलाल आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या शब्दापुढं घरात कुणी जात नसे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वाटमा चेन निंघनी ते कोन बसाडी?"

"मी!" मी फणकाऱ्यानं म्हणाले.

मग आबांनी अट घातली. त्यांच्यासमोर चेनचं लॉक तीन वेळा काढायचं, तीन वेळा बसवायचं. चुकले तर कॉलेज बंद. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवरची नखाएवढी पट्टी. तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, नाहीतर कुठं अडकून पट्टी उडते. बाबांची लांब तोंडाची पक्कड घेऊन मी आठ दिवस घोकंपट्टी केली. बोटं सोलली, पण हात बसला.

रविवारी अंगणात परीक्षा झाली. स्टँडवरच्या सायकलवर दोन वेळा बिनचूक जमलं. तेवढ्यात आबा म्हणाले, "वाटमा काय स्टँड राही? उपडी कर."

सायकल उपडी केली. खालची चेन वर आली, म्हणजे ती आता मागच्या चाकाकडं धावणार. हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. सवयीनं मी बंद टोक पुढच्या चाकाकडं केलं.

"उलटं शे," आबा म्हणाले. "चुकनी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी मान खाली घातली. मला आबांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

आई दाराआड उभी होती. आबांसमोर ती हनुवटीपर्यंत पदर ओढायची आणि एक अक्षर बोलायची नाही. फारच नड असली तर माझ्यामार्फत निरोप. ती तशीच पदर ओढून अंगणात आली, माझ्या हातातली पक्कड घेतली आणि खाली बसली. तोंडावर पदर, दिसत काहीच नसणार. तिनं पॅडल हातानं जरासं फिरवलं, धावती चेन बोटांनी चाचपली, लॉक काढलं आणि सुलट बसवलं.

आम्ही सगळे बघतच राहिलो.

"आबासले सांग," ती मला म्हणाली, "तेस्नी सायकलनं लॉक बी सात वरीसपासून मीच बसाडस. कधी निंघनं का? पोरले बी मीच शिकाडसु."

आबा समजत होते की ते काम बाबा करतात. त्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा अंगठ्यानं माती उकरत होते.

मग आबा मला म्हणाले, "तुन्हा मायले सांग, पोरनी सायकलले घंटी बसाडी ले."

सोमवारी मी कॉलेजात गेले. पुढं शिक्षिका झाले, धुळ्याला संसार थाटला. आई शांतपणे वारली. वर्षानुवर्षं तिनं घरातल्या दोन्ही सायकलींच्या चेनी सांभाळल्या, पण सायकलवर ती कधी बसलीच नाही. तिला एकदा तरी मागं बसवून एरंडोलला न्यायचं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.