एक सुलटी, एक उलटी

बिडकीनजवळ माझ्या वडिलांची, आबांची, छोटी डेअरी आहे. तिथला चिलर, म्हणजे दूध थंड करणारं यंत्र, दरवर्षी वाळूजचा मेकॅनिक येऊन खोलतो, धुतो, परत बसवतो. यंदा मी म्हटलं, "मी करते. एम.एस्सी. फिजिक्स कशाला केलंय?"

"बघ बाई," आबा म्हणाले. "जमलं तर चिलर तुझा. नाय जमलं तर गुमान ऑफिसात बसायचं, बिलं करायची."

बिलांच्या धास्तीनं मी ऑपरेटर सांडूभाऊंना आधी व्याख्यानच दिलं. स्टीलच्या पातळ प्लेटा ओळीनं टांगलेल्या. दोन प्लेटांमध्ये बारीक फट. एका फटीतून दूध, शेजारच्या फटीतून गार पाणी. दोघांची भेट कधीच होत नाही; मधल्या पत्र्यातून फक्त उष्णता जाते. प्लेटांवर माशाच्या काट्यासारखे तिरके उंचवटे असतात, त्यांनी प्रवाह घुसळला जातो आणि दूध झटकन गार होतं.

"व्हय का," म्हणत सांडूभाऊंनी जांभई दिली.

बोल्ट सोडून पाहिलं तर एका प्लेटेवरच्या काट्याचं टोक वर, पुढचीचं खाली.

"अशा कुणी लावल्यात हो? एक सुलटी, एक उलटी!"

"मला काय ठावं, ताई. मी परवापर्यंत वजनकाट्यावर होतो."

मी प्रत्येक प्लेट घासली. सगळ्या प्लेटांच्या कडांवरून कुणीतरी निळ्या रंगाची एक तिरकी रेघ ओढली होती, तीही घासून काढली. मग घरच्या मांडणीत ताटं लावावीत तशा सगळ्या प्लेटा एकाच दिशेनं लावल्या.

"लई देखणं दिसायलंय," सांडूभाऊ म्हणाले. मलाही तसंच वाटलं. प्लेटा एकमेकींत इतक्या अलगद बसल्या, की ही माझ्या स्वच्छतेची कमाल असं मी धरून चालले.

दुधाआधी दोन्ही बाजूंनी साधं पाणी सोडून बघतात. दुधाच्या बाजूचं पाणी धो धो वाहिलं. गार पाण्याच्या बाजूनं थेंब नाही; नुसता पंप कण्हत राहिला. आणि कडांमधून जे कारंजं उडालं, ते थेट आबांच्या सदऱ्यावर.

"सायले!" आबांनी तोंड पुसत मोबाईल काढला. "पिशोरचा दुधाचा टँकर निघालाय. बोलावतो मेकॅनिकला."

"बोलवा, पण मला तोवर बघू द्या."

परत खोलून एक प्लेट हातात घेतली. कोपऱ्यांत चार भोकं, त्यांतली दोन रबरानं बंद. म्हणजे या फटीत एकच द्रव शिरणार. प्लेट उलटी केली की दुसऱ्या द्रवाची भोकं उघडी. अरे देवा! मी सगळ्या फटी दुधाला देऊन टाकल्या होत्या. दुधानंच दुधाला गार करायचं, असं यंत्र मी बनवलं होतं. शिवाय उंचवटे एकमेकांना टेकायचे सोडून एकमेकांत रुतले होते, म्हणून सगळं सैल. आणि ती निळी रेघ क्रम चुकू नये म्हणून होती. तीच मी मळ समजून घासली.

"आबा, चूक माझीय. मी फार नीटनेटकं केलं."

एकाआड एक प्लेट उलटी केली, बोल्ट आवळले. आता कडेला मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसली. पाणी दोन्ही बाजूंनी वाहिलं, कडा कोरड्या. टँकर फाटकात शिरला तेव्हा मी घामानं भिजले होते, आबा माझ्या कारंज्यानं.

टँकरचं दूध चिलरच्या पलीकडून निघालं. आबांनी नळीला हात लावला. थंडगार.

तेवढ्यात मेकॅनिकचा फोन आला, बायपासवर पोचलो म्हणून.

"माघारी फिरा, साहेब," आबा म्हणाले. "आमच्याकडं मिस्त्री हाय. जरा जास्तीच टापटीप हाय, पण हाय."

मग निळ्या रंगाचा डबा माझ्यासमोर ठेवला. "मार रेघ. अन् पुढच्या वर्षी हात लावायच्या आधी बघ तिच्याकडं."