तेविसाव्या सिपाऱ्यापासून पुढे

मिस्त्रींची बायको गेली तेव्हा तिच्या कुराणातली रिबीन तेविसाव्या सिपाऱ्यात होती. कुराणाचे एकूण भाग, म्हणजे सिपारे, तीस. ती रोज सकाळी एक पान वाचायची, ते शेवटपर्यंत न्यायचं राहून गेलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर लेक म्हणाली, "अब्बा, एखाद्या हाफिजना सांगू या. त्यांना सगळं तोंडपाठ असतं. एका दिवसात पुरं करतील. अम्मीचं वर्ष व्हायच्या आत झालेलं बरं."

"मी वाचणार."

"तुम्हाला वाचता कुठं येतं?"

लेकीने टोमणा मारला नव्हता. खरं तेच बोलली होती. मिस्त्री नळदुरुस्तीचं काम करायचे. नवव्या वर्षी हातात पाना आला, तेव्हापासून शाळेचं तोंड पाहिलं नाही. नमाजेत लागतं तेवढं कानाने ऐकून पाठ केलेलं. अरबीचं एक अक्षरही डोळ्यांना ओळखीचं नव्हतं.

"शिकेन," ते म्हणाले.

"साठी उलटल्यावर?"

"मग काय, वरातीमागून घोडं. पण घोडं आहे ना अजून?"

लेक हसली नाही. तिने कुराण फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं आणि आपल्या घरी गेली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पुस्तकबांधणीवाले होते. दुपारी दोन तास काम बाजूला सारून ते मोठ्या माणसांना अरबी वाचायला शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे उस्ताद म्हणत. खोलीत खळीचा वास, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, खिळ्याला लटकवलेल्या दोऱ्याच्या लडी. मिस्त्री गेले तेव्हा तिथे एकच विद्यार्थी होता, एक गोल पोटाचा बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहिलेला असल्यामुळे तो शिकता शिकता डुलक्या घ्यायचा.

उस्तादांनी अक्षरओळखीचं पातळ पुस्तक पुढे ठेवलं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मागची पानं उलटून एक छोटी सूरा, म्हणजे कुराणातला अध्याय, घडाघडा म्हणून दाखवली, ओळींवरून बोट फिरवत. उस्तादांनी ऐकून घेतलं. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, मधोमध नखाएवढी खिडकी कापली आणि तो पानावर ठेवला. खिडकीत एकच अक्षर उरलं.

"हे काय आहे?"

मिस्त्रींनी पुठ्ठा सरकवून शेजारचं अक्षर बघायचा प्रयत्न केला.

"तुम्ही कानांनी वाचता, मिस्त्री. कान राहू द्या बाजूला. डोळे उघडा."

दोन महिने तो पुठ्ठा त्यांच्या मानगुटीवर बसला. उजवीकडून डावीकडे जाताना डोळे हटकून उलटे पळत. एकच अक्षर सुरुवातीला एक रूप घेई, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. त्याहून कठीण उच्चार. उस्ताद म्हणायचे, प्रत्येक अक्षराची निघायची जागा ठरलेली असते. कुठलं ओठांतून, कुठलं जिभेच्या टोकातून, कुठलं थेट घशाच्या मध्यातून. घशातलं काही केल्या निघेना. मिस्त्री खाकरत, डोळ्यांत पाणी येई, अक्षर मात्र नाकातून बाहेर पडे.

"घशाचा वॉशर गेलाय तुमच्या," बेकरीवाला डोळे न उघडताच म्हणाला. "बदलून घ्या."

"तू झोप. पाव करपेल तुझा."

"माझा पाव सकाळीच विकून झाला. तुमचं अक्षर कच्चंच आहे."

पण वॉशरची गोष्ट मिस्त्रींच्या डोक्यात बसली. कॉक अर्धाच आवळला की पाणी जसं चिमटून सुटतं, तसा घसा मध्येच थोडा आवळून बघितला. अक्षर निघालं. उस्तादांनी मान डोलावली. त्या दिवशी मिस्त्री घरी जाताना रस्ताभर ते एकच अक्षर म्हणत गेले.

सहाव्या महिन्यात अक्षरं जोडून शब्द वाचता येऊ लागले. तेव्हा उस्ताद म्हणाले, "आता घरचं कुराण आणा. तुमच्या पत्नींनी वाचलेलं शेवटचं पान आधी वाचा. मग पुढचं सुरू करा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कुराण आणलं, हातपाय-तोंड धुऊन वजू केली, रेहालच्या घडीच्या लाकडी बैठकीवर ते ठेवलं, रिबिनीच्या जागी उघडलं. वाचायला लागले. तीन शब्द, थांबले. चार शब्द, थांबले. पुन्हा तीन शब्द, थांबले.

"इथं का थांबता?" उस्तादांनी विचारलं. "अर्थ मधेच तुटतोय."

"थांबायची खूण आहे ना."

"कुठली?"

मिस्त्रींनी बोट ठेवलं. शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीची बारीक तिरकी रेघ होती. थांबायच्या खुणा ओळीच्या वर असतात हे ते शिकले होते. सगळ्याच खुणा ओळखू येत नसल्यामुळे हीसुद्धा त्यांतलीच धरून चालले होते.

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. "ही छापलेली नाही. कुणीतरी काढलीय."

ते मागची पानं उलटू लागले, सवयीच्या हाताने, कागद न दुखवता. विसाव्या सिपाऱ्यात रेघा होत्या, पण विरळ. सतराव्यात ओळीआड एखादी. बाराव्यात पानाला एक. अकराव्यात एकही नव्हती. ते पुन्हा पुढे आले, आणि तेविसाव्यापर्यंत रेघा एकमेकींच्या जवळ जवळ येत गेल्या.

बेकरीवालाही सरळ बसला.

"त्यांना दम लागायचा का?" उस्तादांनी हळूच विचारलं.

मिस्त्रींनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"वाचताना जिथं दम तुटतो तिथं माणूस थांबतो," उस्ताद म्हणाले. "पण तुटलेलं तसंच टाकून पुढे जायचं नसतं. श्वास घ्यायचा, दोन शब्द मागे यायचं आणि जोडून पुढे न्यायचं. कुठं तुटलं ते सापडावं म्हणून त्यांनी खुणा केल्या असतील."

मिस्त्री कुराण फडक्यात गुंडाळून उठले.

बायकोला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, दम कधीपासून लागतो? ती बोलायच्या स्थितीत नव्हती. मिस्त्रींनी सांगितलं होतं, पंधरा दिवस झाले असतील. रोजचं एक पान धरलं तर बाराव्या सिपाऱ्यापासून तेविसाव्यापर्यंत सात-आठ महिने होत होते. सात-आठ महिने ती पलीकडच्या खोलीत मोठ्याने वाचत होती आणि अलीकडे ते हत्यारांची पिशवी भरत होते. भिंतीला कान लावून नळाचं पाणी कुठं मंदावलं ते सांगणारा माणूस. लोक लांबून बोलवायला यायचे त्यासाठी. एकदा त्यांनी तिला विचारलंही होतं, "हल्ली तेच तेच दोनदा काय वाचतेस?" ती म्हणाली होती, "गोड लागतं म्हणून." त्यावर ते हसून कामाला निघून गेले होते.

चार दिवस मिस्त्री शिकायला गेले नाहीत. कामालाही गेले नाहीत. लेक येऊन डबा ठेवून गेली, तिला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? तुझी आई माझ्या देखत विझत होती आणि मी ऐकत होतो?

पाचव्या दिवशी ते गेले. उस्ताद एका जाड पुस्तकाच्या पाठीला शिवण घालत होते.

"मी बाराव्यापासून सुरू करणार," मिस्त्री बसायच्या आधीच म्हणाले. "जिथं जिथं तिचा दम तुटला ते सगळं मी एका श्वासात वाचणार. माझी छाती अजून धड आहे. वाचायला वर्षं लागली तरी चालतील."

उस्तादांनी सुई कापडात खोचून ठेवली. "कशाला?"

"तुटलेलं राहू नये म्हणून."

"बसा." मिस्त्री बसले. "त्या प्रत्येक खुणेपाशी थांबल्या, मागे आल्या आणि जोडून पुढे गेल्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, पहाटेच्या नमाजेनंतर सुरू करायच्या त्या ऊन अंगणात उतरेपर्यंत वाचायच्या? ते पान पुरं केल्याशिवाय उठत नव्हत्या म्हणून. त्यांच्या वाचण्यात तुटलेलं काही नाही, मिस्त्री. तुम्ही काय दुरुस्त करणार?"

बिघडलेलं काही दिसलं की मिस्त्रींचा हात आजवर पान्याकडे जायचा. आता हात मांडीवर ठेवून ते नुसते बसून राहिले.

"मला कळलं नाही," ते अखेर म्हणाले. "शेजारच्या खोलीत होतो."

"नाही कळलं," उस्ताद म्हणाले. त्यांनी समजूत घातली नाही. "ते घेऊनच पुढे वाचायचं. इथून मागचं त्यांचं आहे. इथून पुढचं राहिलंय."

बेकरीवाल्याने रेहाल उघडून समोर सरकवली. या खेपेला त्याने काही खोडी काढली नाही.

मिस्त्रींनी रिबीन उचलली. पुढचं पान कोरं करकरीत होतं. कुठे रेघ नाही, कुठे बोटाचा डाग नाही. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. पाचव्या शब्दाला आवाज भरून आला आणि श्वास तुटला.

"दोन शब्द मागे," उस्ताद म्हणाले.

ते मागे आले. पुन्हा वाचलं. पुन्हा तुटलं. पुन्हा मागे आले. पहिली ओळ पुरी व्हायला दुपार गेली.

ते पान अकरा दिवसांनी संपलं. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला आणि तिच्या आईच्या पुढचं एक पान झालं म्हणून सांगितलं. मग खुणांची गोष्टही सांगितली, पहिल्यापासून, काही न लपवता. आपल्याला कळलं नाही, हेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मिस्त्री तो कान देऊन ऐकत राहिले.

मग लेकीने नाक पुसलं आणि विचारलं, "अजून किती पानं राहिलीत, अब्बा? वर्षाच्या आत होतील?"

"छे. वर्षात कुठली होतात? पुष्कळ आहेत," मिस्त्री म्हणाले. "बरं आहे, पुष्कळ आहेत."